९.७ गुण म्हणजे नेमकं काय मोजलं?

पीएचडीच्या मुलाखतीत ‘तुमचा पुरावा काय?’ हा प्रश्न येतोच. समजा तुमचा विषय आहे इंडी रॉक आणि हिप हॉपची वाढ, आणि तुम्ही उत्तर दिलंत, ‘नव्या अल्बमना समीक्षकांनी दिलेले गुण.’ पुढचा प्रश्न ठरलेला: हे गुण नेमकं काय मोजतात? आज त्यांचाच थोडा इतिहास बघू.

रॉबर्ट क्रिस्टगाउने १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर सुरू केलं. नव्या रेकॉर्डवर मोजक्या ओळी आणि शाळेतल्यासारखी श्रेणी: ए, बी, सी. हेतू नावातच आहे. रेडिओवर न वाजणारी रेकॉर्ड ऐकायची तर बहुतेक वेळा विकतच घ्यावी लागे. पैसे टाकावेत की नाही, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणजे ही श्रेणी मुळात खरेदीचा सल्ला होती.

हिप हॉपमध्ये प्रश्न वेगळा होता. या संगीताला गंभीरपणे घेणारी जागाच कमी होती. १९८८ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेलं ‘द सोर्स’ हे पत्रक पुढे मोठं मासिक झालं. तिथे अल्बमला पाचपैकी ‘माइक’ मिळत. पाच माइक म्हणजे अभिजात, त्यामुळे ते सहसा कुणाला मिळत नसत. १९९४ मध्ये नास या तरुण रॅपरच्या पहिल्याच अल्बमला, ‘इलमॅटिक’ला, ते मिळाले आणि त्याची चर्चा झाली. पण त्याच वर्षी एका संस्थापकाने आपल्या जवळच्या रॅप गटावरचा लेख संपादकांना न सांगता अंकात घातला, आणि अनेक संपादक मासिक सोडून गेले. आपण शोधनिबंधाच्या शेवटी ‘हितसंबंधांचा संघर्ष नाही’ असं यांत्रिकपणे लिहितो ना, त्या ओळीची किंमत इथे कळते.

इंडी रॉकसाठी हे काम ‘पिचफोर्क’ने केलं. रायन श्रायबरने १९९६ मध्ये सुरू केलेली ही साइट ०.० ते १०.० असे दशांशात गुण देऊ लागली. २००४ मध्ये आर्केड फायरच्या ‘फ्युनरल’ला ९.७ मिळाले आणि हा बँड झपाट्याने लोकांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्तान’ला ०.० मिळाले. लोकांची आपल्याकडे बघण्याची नजर एका रात्रीत बदलली, असं त्याने नंतर सांगितलं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थबकायला हवं. प्रयोगशाळेत ९.७ लिहिलं तर उपकरण ०.१ पर्यंत अचूक आहे असं आपण धरतो. ९.६ आणि ९.७ यांत फरक करणारं उपकरण इथे कुठे आहे? शिवाय तापमापीने पाण्याचं तापमान फारसं बदलत नाही, पण इथे मोजण्यानेच मोजलेली गोष्ट बदलते.

याच्या जवळचा एक सुंदर प्रयोग सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४,३४१ सहभागी. काहींना फक्त बँडची आणि गाण्यांची नावं दिसली. बाकीचे आठ स्वतंत्र ‘जगां’त वाटले गेले, आणि तिथे आपल्या जगात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालं तेही दिसत होतं. ‘५२मेट्रो’ या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं एका जगात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. गाणं तेच! अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं.

मात्र घाई करू नका. या प्रयोगात समीक्षक नव्हते, फक्त डाउनलोडचे आकडे होते. ‘समीक्षेमुळे बँड मोठे होतात’ हे यातून सिद्ध होत नाही. इतरांची पसंती दिसली की निवड बदलते, एवढंच सिद्ध होतं. हा फरक तुमच्या प्रस्तावात स्पष्ट दिसला पाहिजे.

२०२१ मध्ये ‘पिचफोर्क’नेच आपल्या १९ जुन्या परीक्षणांचा फेरविचार केला. २००१ मध्ये डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’ला ६.४ दिले होते, आता १० दिले. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमचे ०.० चे ६.० झाले. अल्बममधला एकही सूर बदलला नव्हता. ऐकणारे आणि काळ बदलला होता.

मग परीक्षणं पुरावा म्हणून टाकून द्यायची का? अजिबात नाही. ‘अल्बम किती चांगला?’ याचा पुरावा म्हणून ती कच्ची आहेत. ‘त्या वर्षी, त्या जागी, काय चांगलं मानलं जात होतं?’ याचा पुरावा म्हणून ती पक्की आहेत. बदलायचा आहे तो तुमचा प्रश्न.

या आठवड्यात एवढं करा. एक अल्बम निवडा, तो आला तेव्हाचं परीक्षण आणि दहा वर्षांनंतरचं एखादं लेखन शेजारी ठेवा. प्रत्येकासमोर लिहा: कोणी लिहिलं, कुणासाठी, आणि त्या मतामुळे कुणाचा फायदा-तोटा झाला. गुणांचा रकाना सगळ्यात शेवटी भरा.