ॲशडाउन फॉरेस्ट
ॲशडाउन फॉरेस्ट : इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यातील सामाईक माळरान व वनप्रदेश. क्षेत्रफळ सु. २,५०० हेक्टर. त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश भाग हेदर, गॉर्स अशा झुडपांनी व्यापलेला असून उरलेल्या भागात मुख्यतः ओक, बर्च यांची राई आहे. नावावरून घनदाट अरण्य शोधायला गेलेला प्रवासी फसतो. कारण मध्ययुगात ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, मग तिथे झाडे असोत वा नसोत. १६९३ मध्ये निम्म्याहून अधिक जमीन खाजगी मालकांकडे गेली. उरलेल्या जमिनीवर चराईचे व सरपणाचे हक्क राहिले. आपल्या गायरानाशी हे जुळते, पण पूर्णपणे नाही : येथील हक्क साऱ्या गावाचा नसून आसपासच्या ठरावीक मालमत्तांना जोडलेला असतो. १८८५ पासून कायद्याने नेमलेले रक्षक-मंडळ कारभार पाहते.

हे माळ निसर्गाने आपोआप राखलेले नाहीत. चराई थांबली की बर्चची रोपे आणि ब्रॅकन नेचा माजतो. म्हणून आजही मुद्दाम मेंढ्या, गुरे व तट्टे सोडतात. ऑगस्टमध्ये हेदर जांभळे होते. गॉर्सच्या पिवळ्या फुलाला चक्क खोबऱ्याचा वास येतो. उन्हाळ्यात संध्याकाळी रातव्याची घरघर ऐकू येते; तो जमिनीवरच अंडी घालत असल्याने पायवाट सोडू नये.

ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी-द-पू’ (१९२६) या मुलांच्या पुस्तकातील रान हेच. पूचा काटक्या सोडण्याचा खेळ जिथे खेळतात, त्या हार्टफील्डजवळच्या प्रसिद्ध लाकडी पुलावरून पाण्यात टाकायच्या काटक्या मात्र वाटेतच वेचून घ्याव्यात; पुलापाशी त्या फारशा उरलेल्या नसतात.