एकाकी तरंगाचा वंश

इ. स. १८३४ च्या ऑगस्टमध्ये, एडिनबरोनजीकच्या युनियन कालव्यात, दोन घोडे ओढीत असलेली एक नाव एकाएकी थांबली, तेव्हा तिच्या नाळेशी खळबळलेले पाणी तिला मागे टाकून एका गोल, गुळगुळीत उंचवट्याच्या रूपाने पुढे निघाले; आणि जॉन स्कॉट रसेल या तरुण अभियंत्याने, सुमारे ३० फूट लांब व फूट-दीड फूट उंच असा तो तरंग ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने आपला आकार न मोडता चालला आहे हे पाहून, घोड्यावरून एक-दोन मैल त्याचा पाठलाग केला. त्याच्या या निरीक्षणाविषयी एअरी आणि स्टोक्स यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनीही शंका घेतली. १८९५ साली कोर्टेवेग व द व्रीस यांनी गणिताने त्याची बाजू सिद्ध केली, तेव्हा रसेल हयात नव्हता. त्याच्या गोदीत बांधलेल्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली, हा ऋणानुबंध मला फार मोलाचा वाटतो.

तारेऐवजी काचेच्या तंतूतून संदेश नेणाऱ्या प्रकाशस्पंदातील निरनिराळ्या वारंवारता निरनिराळ्या वेगांनी चालतात, म्हणून तो पसरत जातो. परंतु स्पंद पुरेसा तीव्र असल्यास काचेचा अपवर्तनांक किंचित वाढवून तो या पसरण्याचा बंदोबस्त स्वतःच करतो, आणि असा स्पंद रसेलच्या तरंगाप्रमाणे अभंग राहील, असे हासेगावा व टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये मांडले. १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेत मोलेनॉवर, स्टोलेन व गॉर्डन यांनी ७०० मीटर तंतूत ते प्रत्यक्ष दाखविले.

खरा पेच शेजाराचा होता. दोन स्पंदांची कला जुळली, म्हणजे त्यांच्या लाटांचे चढउतार एकाच वेळी झाले, की ते एकमेकांस ओढतात. कला विरुद्ध असली की दूर लोटतात. गॉर्डनने १९८३ मध्ये गणिताने सांगितलेली ही ओढ मिच्के व मोलेनॉवर यांनी १९८७ मध्ये प्रयोगात मोजली. स्पंदांत पुरेसे अंतर राखले की ती झपाट्याने क्षीण होते. पण अंतर वाढले की एका सेकंदात जाणारे संदेश घटतात, आणि वाटेत प्रकाशाचा जोर वाढविणाऱ्या वर्धकांचा गोंगाट प्रत्येकाची पोहोचण्याची घटका मागेपुढे करतो ती अडचण निराळीच. या दुसऱ्या अडचणीवर १९९२ मध्ये निघालेली तजवीज मला सर्वांत सुंदर वाटते: ठराविक वारंवारतेच्या आसपासचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्या मार्गात ठिकठिकाणी ठेवायच्या, आणि पुढच्या प्रत्येक गाळणीची मध्य वारंवारता किंचित सरकवीत न्यायची. स्पंद आपली वारंवारता बदलीत गाळणीमागून गाळणी गाठत जातो. गोंगाटाला ते साधत नाही, तो मागे पडतो आणि विझतो.