संगणकाची कांच-पेटी

यंत्राचें अंतरंग झांकून ठेवावें कीं उघडें करून दाखवावें, या प्रश्नाचा निकाल प्रत्येक काळानें आपापल्या रुचीप्रमाणें लावला आहे. अठराव्या शतकांत फ्रान्समधील घड्याळकारांनीं तबकडी व चौकट कोरून काढून आंतील चक्रें उघडीं टाकलेलीं घड्याळें केलीं व त्यांवर कांचेचे घुमट बसविले. संगणकाच्या बाबतींत तोच प्रश्न आमच्या डोळ्यांदेखत उपस्थित झाला आणि तूर्त तरी त्याचा निकाल कांचेच्या बाजूनें लागलेला दिसतो. खेळांसाठीं संगणक जुळवूं पाहणारा आजचा तरुण प्रोसेसरची निवड एका संध्याकाळीं उरकतो आणि ज्या पेटींत तो बसवावयाचा त्या पेटीसाठीं मात्र आठवडेच्या आठवडे घालवितो. वडील मंडळींस याचें नवल वाटतें. पेटी हिशेब करीत नाहीं, चित्रें रेखाटीत नाहीं. मग तिच्यासाठीं एवढा खल कां, आणि तिच्या कांचेसाठीं एवढे पैसे कां? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधावयाचें तर पेटीचा सुमारें पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे.

आमच्याकडे दुकानदार या पेटीस ‘कॅबिनेट’ म्हणतात. घरोघरीं तिला सरसकट ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शास्त्रदृष्ट्या तो चुकीचा खरा, कारण सीपीयू म्हणजे आंत बसणारी तळहातावर मावेल एवढी चौकोनी चकती. परंतु या चुकीस कारणही तसेंच आहे. पेटी बंद होती, आंत काय आहे हें घरांत कोणीं पाहिलेलें नव्हतें, आणि जें डोळ्यांस दिसे त्यालाच आंतील न दिसणाऱ्या वस्तूचें नांव मिळालें.

ती बंद कां होती? धुळीपासून रक्षण हें एक कारण झालें. त्याहून सबळ कारण असें कीं, संगणकांत विजेचे स्पंद सेकंदास लक्षावधि वेळां चालूबंद होत असतात आणि त्यामुळें आंतील प्रत्येक तार लहानसें रेडिओकेंद्रच बनते. १९७७ सालीं निघालेल्या ‘ॲपल-दोन’ या यंत्राची पेटी प्लॅस्टिकची होती. अशीं यंत्रें अमेरिकेंत घरोघर येऊं लागलीं तसा रेडिओच्या व दूरचित्रवाणीच्या ग्रहणांत होणाऱ्या व्यत्ययाचा प्रश्न उभा राहिला, आणि १९७९ सालीं तेथील दळणवळण आयोगानें संगणकांतून निसटणाऱ्या लहरींवर मर्यादा घालणारे नियम केले. त्याच वर्षीं आलेल्या अटारी कंपनीच्या घरगुती यंत्रांत प्लॅस्टिकच्या कवचाखालीं ओतीव अल्युमिनियमचें चिलखत चढविलेलें होतें. धातूनें वेढलेल्या जागेंत बाहेरचें विद्युत्क्षेत्र शिरत नाहीं, हें फॅरडेनें १८३६ सालीं एका खोलीएवढा पिंजरा उभारून दाखविलें होतें. येथें तेंच तत्त्व आंतलें आंत कोंडून ठेवण्याच्या कामीं आलें. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएमनें आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याची पेटी पोलादी, आडवी व भक्कम होती, आणि तिच्यांतील वीजपुरवठा ६३.५ वॅटचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका दिव्याएवढा होता. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या पेटीस स्वतंत्र आयुष्य लाभलें तें १९९५ सालीं. त्या वर्षीं इंटेल कंपनीनें ‘एटीएक्स’ नांवाचें परिमाण प्रसिद्ध केलें. मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असावा, त्याच्या स्क्रूंचीं भोंकें अमुक ठिकाणीं पडावींत, तारा जोडण्याचीं तोंडें मागच्या बाजूस अमुक जागीं यावींत, असें त्यांत ठरवून दिलें. बाब रुक्ष खरी. पण तिच्यामुळें एका देशांत झालेल्या पेटींत दुसऱ्या देशांत झालेला बोर्ड बिनदिक्कत बसूं लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन ‘असेंबल्ड’ संगणक जुळवून घेण्याची जी वहिवाट पडली, आणि जिच्या आधारानें कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक आला, तिला अशाच परिमाणबद्धतेचें पाठबळ होतें. निवड म्हणावी अशी मात्र त्या काळीं नव्हतीच. फिकट बदामी रंगाची, पत्र्याची, आंत हात घातल्यास बोट कापील अशी एकच जात; सर्व भाग घेऊन झाल्यावर पैसे उरले तर ती जरा बरी घ्यावयाची, इतकेंच.

खिडकीचा उगम खेळांत आहे. डिसेंबर १९९३ मध्यें ‘डूम’ आणि १९९६ मध्यें ‘क्वेक’ हे खेळ निघाले आणि यंत्रांस यंत्रें जोडून अनेकांनीं एकत्र खेळण्याची टूम निघाली. दूरच्या जोडण्या मंद होत्या. म्हणून लोक आपापलीं यंत्रें मोटारींत घालून एका ठिकाणीं आणीत. स्वीडनमधील मालुंग येथें १९९४ सालीं एका शाळेंत भरलेला ‘ड्रीमहॅक’ आणि अमेरिकेंत डॅलसजवळ १९९६ सालीं भरलेला ‘क्वेककॉन’ हे त्यांपैकीं प्रसिद्ध मेळावे. अशा जत्रेंत बदामी पेट्या रांगेनें मांडल्या म्हणजे आपली कोणती हें ओळखणेंही कठीण होत असे. हौशी मंडळींनीं मग पेटीची बाजू करवतीनें कापली, त्या जागीं ॲक्रिलिकचा तुकडा बसविला आणि आंत निळ्या प्रकाशाची नळी लावली. यांतील पुष्कळजण प्रोसेसर त्याच्यावर छापलेल्या वेगाहून अधिक वेगानें पळविणारे होते. १९९८ च्या ऑगस्टमध्यें निघालेला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त सेलेरॉन ४५० पर्यंत नेतां येतो असें आढळून आल्यावर तर या विद्येस बहरच आला. त्यासाठीं लागणारे मोठे पंखे व धातूचे जड ठोकळे त्यांनीं स्वतः बसविलेले असत, आणि चार जाणत्या लोकांनीं तें पाहावें अशी इच्छा होणें स्वाभाविक होतें. त्याच महिन्यांत ॲपलचा निळसर, अर्धपारदर्शक ‘आयमॅक’ही बाजारांत आला व त्याचा फार बोलबाला झाला, परंतु त्याची पारदर्शकता कारखान्यांतून तयार होऊन आलेली होती. हौशी माणसाच्या खिडकीमागें त्याचे स्वतःचे हात होते. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील हा काळ सर्वांत प्रामाणिक होय.

ॲक्रिलिकच्या अंगीं दोन दुर्गुण होते. त्यावर चरे फार लवकर पडतात, आणि पुसतांना त्यांत स्थिर वीज उत्पन्न होऊन पुसलेली धूळ पुन्हां येऊन चिकटते. कांचेस हे दोष नाहींत, पण कांच फुटते. तेव्हां ती टणक करून घेणें आलें. ही युक्ति नवी नाहीं. वितळलेल्या कांचेचा थेंब पाण्यांत सोडला असतां त्याचें डोकें हातोड्यासही दाद देत नाहीं, परंतु शेपटीचें टोंक मोडतांच सबंध थेंबाचा भुगा होतो. राजपुत्र रूपर्टनें हे थेंब १६६० सालीं इंग्लंडांत आणले, दुसऱ्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांची परीक्षा केली आणि रॉबर्ट हूकनें १६६५ च्या आपल्या ग्रंथांत त्यांचें विवेचन केलें. टफन केलेली कांच म्हणजे त्याच थेंबाचें सपाट रूप. कांचेचा पत्रा सहाशें अंशांच्या वर तापवून त्यावर दोन्ही बाजूंनीं थंड वाऱ्याचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधीं गोठतो, गाभा मागाहून आकसतो, आणि त्यामुळें पृष्ठभाग कायमचा दाबाखालीं व गाभा कायमचा ताणाखालीं राहतो. अशी कांच वांकविली किंवा तिच्यावर आघात केला तरी सहसा तडकत नाहीं. तडकली तर सुरीसारखे तुकडे न होतां तिचे बोथट खडे होतात. मात्र हा संस्कार झाल्यावर तिला कापतां अगर भोंक पाडतां येत नाहीं.

तैवानच्या ‘इन विन’ कंपनीनें २०१४ च्या सुमारास अशा कांचेच्या बाजू असलेल्या पेट्या काढल्या तेव्हां त्या श्रीमंतांचें खेळणें होत्या. २०१६ सालीं कॉर्सेअरची ‘क्रिस्टल ५७०एक्स’ आली, तींत चारी अंगांस कांच होती. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत साध्या किमतीच्या पेटीसही एक बाजू कांचेची असणें हा नियमच होऊन बसला. येथें आमच्याकडील गृहस्थांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. टफन कांचेचें मर्मस्थान तिच्या कडेंत असतें, आणि हल्लीं आपल्या घरांत ज्या व्हिट्रिफाइड फरश्या बसवितात त्यांचा पृष्ठभाग कांचेहून कठीण असतो. बाजू काढून ती फरशीवर उभी टेकविली आणि कडेचा एखादा बिंदु फरशीच्या कणावर नेमका टेकला, तर फार जोर न लागतांही सबंध कांच खळ्ळकन् ओघळते. जुन्या सतरंजीची घडी अंथरून तिच्यावर कांच आडवी ठेवावी. यापरतें शास्त्र त्यांत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. कांचेनें संगणकाचें अंतरंग दाखविलें असें म्हणतात; आम्हांस वाटतें, कांचेनें तें अंतरंग बदललें. पाहुणे थेट दिवाणखान्यांत येऊं लागले म्हणजे घरांतील अडगळ माजघरांत लोटावी लागते, तसें झालें. २०१४ सालीं एनझेडएक्सटी कंपनीनें ‘एच४४०’ या पेटींतून तबकड्या घालण्याचे दर्शनी कप्पे काढून टाकले आणि वीजपुरवठ्यावर पत्र्याचें आच्छादन घातलें. तारा बोर्डाच्या पाठीमागून नेण्याची रीति सार्वत्रिक झाली. २०१८ सालीं लियान ली कंपनीच्या ‘ओ-११ डायनॅमिक’ या पेटीनें तर वीजपुरवठ्याची रवानगी बोर्डामागील स्वतंत्र दालनांत केली व पुढचा आणि बाजूचा असे दोन्ही दर्शनी भाग कांचेचे केले. २०२२ सालीं आलेल्या ‘हाइट वाय६०’ या पेटीच्या कोपऱ्यांतला खांबही गेला. मत्स्यालयासारख्या दिसणाऱ्या या घाटास बाजारांत ‘फिश टँक’ असेंच नांव आहे. २०२३ पासून असूस व एमएसआय यांनीं असे बोर्ड दाखविले कीं ज्यांत तारा जोडण्याचीं तोंडेंच पाठीमागें आहेत. स्मृतीच्या पट्ट्यांवर रंगीबेरंगी दिवे आले. त्यांच्यामुळें स्मृति तिळभरही वाढत नाहीं. उघड्या घड्याळांत चक्र फिरतांना दिसतें व त्याचें कार्य बघणाऱ्यास उमगतें. येथें जें काम चाललें आहे तें धातूच्या टोपणाखालीं, डोळ्यांस अगोचर अशा रेषांतून. कांचेंतून दिसतात ते पंखे आणि दिवे. सौंदर्याची हौस आम्ही निंद्य मानीत नाहीं. देव्हाऱ्यासही आपण नक्षी करतोंच. परंतु आपण यंत्र पाहत नसून यंत्राची सजावट पाहत आहों, हें पैसे मोजणाऱ्यानें ओळखलेलें बरें.

कारण या सजावटीची किंमत हवेच्या रूपानें द्यावी लागते. ६३.५ वॅटचा तो जुना आंकडा आतां आठवावा. २०२२ सालीं निघालेलें एनव्हिडियाचें ‘४०९०’ हें ग्राफिक्स कार्ड एकटेंच ४५० वॅट घेतें आणि २०२५ सालचें ‘५०९०’ हें ५७५ वॅट. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी अखेर उष्णता होऊन खोलींत येते. असें यंत्र रात्रभर खेळविणें म्हणजे खोलींत लहानशी शेगडी पेटती ठेवण्यासारखें आहे. ही उष्णता बाहेर काढावयाची तर तितकीच थंड हवा आंत आली पाहिजे, आणि कांचेंतून हवा येत नाहीं. आरंभीच्या कांचपेट्यांत पुढच्या बाजूसही कांच लावून तिच्या कडेस बोटभर फट ठेवीत व पंख्यांनीं त्या फटींतून श्वास ओढावा अशी अपेक्षा करीत. कूलर मास्टरची ‘एच५००पी’ २०१७ सालीं आली तेव्हां तिच्यांत पुढें दोनशें मिलिमीटरचे दोन मोठे पंखे होते आणि त्यांच्यापुढें अखंड पारदर्शक प्लॅस्टिक. परीक्षकांनीं थर्मामीटर लावून तिचे वाभाडे काढले; दुसऱ्या वर्षीं कंपनीनें तीच पेटी पुढें जाळी लावून पुन्हां विकावयास आणली. स्वीडिश ‘फ्रॅक्टल डिझाइन’नें २०१७ सालींच ‘मेशिफाय सी’ या पेटीस पुढें जाळी व बाजूस कांच असा विभाग करून दिला होता, आणि आमच्या मतें या वादाचा शहाणा तोडगा तोच. समोरून कांच असलेल्या मत्स्यालयी पेट्या अगदींच वाईट असें नाहीं. त्यांत हवा तळांतून व कडेनें घेतां येते. पण मग तळाशीं पंखे विकत घेऊन बसवावे लागतात, पेटी भिंतीस व जमिनीस चिकटवून चालत नाहीं, आणि खालची धूळगाळणी वरचेवर धुवावी लागते. पेटीच्या आंतील तपमान नेहमीं खोलीच्या तपमानावर चढत असतें. युरोपांतल्या वीस-बावीस अंशांच्या खोलींत जी पेटी ‘ठीक’ ठरली ती नागपुरांत मे महिन्याच्या दुपारीं ठीक ठरेलच असें नाहीं. आमच्या तरुणांनीं परदेशी परीक्षणांतील आंकडे वाचतांना ही बेरीज अवश्य करावी.

म्हणून पेटी पाहावयास गेलें असतां दिव्यांकडे शेवटीं पाहावें. प्रथम हवा कोठून येते व कोठून जाते हें दुकानदारास बोट ठेवून दाखवावयास सांगावें. मग आपल्या कार्डाची लांबी मिलिमीटरांत मोजून आणलेली असावी, कारण तीनशें मिलिमीटरांहून लांब कार्डें आतां सर्रास मिळतात आणि पुढील पंखे बसल्यावर उरलेली जागा पुष्कळदां छापील आंकड्याहून कमी निघते. कांच चार कोपऱ्यांच्या भोंकांतून स्क्रूंनीं आवळलेली आहे, कीं धातूच्या चौकटींत बसवून बिजागरीवर फिरते, हेंही पाहावें. पहिल्या प्रकारांत शेवटचा स्क्रू काढतांना कांच हातांतून निसटण्याचा संभव असतो. रेडिओलहरींच्या दृष्टीनें तर कांच म्हणजे उघडी खिडकीच. पेटीजवळ रेडिओ ठेवल्यास आणि त्यांत खरखर आल्यास १९७९ च्या त्या नियमांची आठवण व्हावी.

अलीकडे या प्रकरणास आणखी एक वळण लागलें आहे. २०२२ च्या अखेरीस त्याच स्वीडिश कंपनीनें ‘नॉर्थ’ नांवाची पेटी काढली. तिच्या दर्शनी भागीं अक्रोडाच्या किंवा ओकच्या लांकडाच्या उभ्या पट्ट्या आहेत व त्यांच्यामागें जाळी. आपल्या आजोबांच्या बैठकींतील लांकडी रेडिओशेजारीं ती सहज शोभली असती. तिची बाजू कांचेची घ्यावी कीं जाळीची, हें कंपनीनें गिऱ्हाइकावर सोपविलें आहे. जाळीच्या प्रकारांत कडेनेंही पंखे बसवितां येतात. आमच्याकडील उन्हाळा पाहतां आम्ही जाळीची घेऊं. ज्यास दिवे दाखवावयाचे असतील त्यानें कांचेची घ्यावी आणि उरलेल्या पैशांत दोन पंखे अधिक आणावेत.