साखळी करवत : सुरक्षित वापर आणि निगा

साखळी करवत : पोलादी पट्टीच्या कडेने अखंड फिरणाऱ्या दातेरी साखळीच्या योगे लाकूड कापणारे आणि एका इसमास दोन्ही हातांनी धरून चालविता येणारे यंत्र. वृक्षतोड, फांद्यांची छाटणी, ओंडक्यांचे तुकडे पाडणे, वादळात रस्त्यावर आडवी झालेली झाडे हलविणे इत्यादी कामांसाठी ते जगभर वापरात असून, कोकणात व घाटमाथ्यावरील गावांत वखारवाल्यापासून बागायतदारापर्यंत अनेकांकडे ते आज आढळते. बोलण्यात त्याला ‘कटर’ असे म्हणतात. या यंत्राचा सुरक्षित वापर आणि त्याची निगा ही दोन निराळी प्रकरणे मानण्याचा प्रघात असला, तरी वस्तुतः ती एकच आहेत. कारण साखळीची धार गेली, की चालक यंत्रावर भार देऊ लागतो, भार दिल्याने थकतो, थकल्याने त्याची पकड ढिली पडते, आणि पुष्कळ अपघातांचे मूळ साखळीत नसून तिच्या निगेत आदल्या दिवशी झालेल्या हयगयीत सापडते.

यंत्राचा पूर्वेतिहास लाकडापेक्षा हाडाशी निगडित आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन एटकिन व जेम्स जेफ्रे या स्कॉटिश शल्यविशारदांनी अवघड प्रसूतीत आणि रोगग्रस्त हाडाचा भाग काढून टाकताना हाताने ओढावयाची बारीक दातेरी साखळी उपयोगात आणली, आणि 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन अस्थितज्ज्ञाने मुठीने फिरविता येणारी, पट्टीवरून धावणारी साखळी सिद्ध केली. अरण्यात हे तत्त्व आले ते विसाव्या शतकात. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत तयार केली. तिचे वजन सुमारे 64 किग्रॅ. असल्याने ती चालविण्यास दोन माणसे लागत. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प याने थुरिंजियातील डोलमार डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी घेतली. एका माणसाला पेलेल अशी पेट्रोल करवत मात्र 1950 च्या आसपासच हाती आली.

साखळीच्या दात्यांची आजची घडण अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याची आहे. तोवरच्या साखळ्यांचे दाते लाकूड नुसते ओरबाडीत आणि त्यांना वारंवार कानस लावावी लागे. 1946 मध्ये एका खोडात भुंग्याची अळी, लाकडाचे तंतू आडवे असोत वा उभे, आपल्या वक्र जबड्यांनी डावीकडून उजवीकडे सहज पोखरीत जाताना कॉक्सने पाहिली, आणि त्या जबड्यांच्या आकाराचे पोलादी दाते आळीपाळीने डाव्या-उजव्या अंगास बसवून 1947 मध्ये नवी साखळी विक्रीस आणली. आज वापरात असलेल्या बहुतेक साखळ्या तिच्याच वंशातल्या आहेत.

नेहमीच्या करवतीत दोनटप्पी एंजिन असते. एंजिनाने वेग घेतला, की केंद्रोत्सारी क्लच पकड घेतो, दातेरी चक्र फिरू लागते, आणि कारागीर जिला ‘बार’ म्हणतात त्या पट्टीच्या खोबणीतून साखळी सेकंदास सुमारे 20 मीटर इतक्या गतीने धावते. एंजिन मंद चालू असताना साखळी स्थिर राहिलीच पाहिजे. ती सरकत असेल, तर मंदगतीचा स्क्रू किंवा क्लच बिघडला आहे असे समजून काम तेथेच थांबवावे. साखळी पट्टीच्या वरच्या कडेने चालकापासून दूर, पट्टीच्या टोकाकडे म्हणजे नाकाकडे जाते आणि खालच्या कडेने परत येते. म्हणून खालच्या कडेने कापताना यंत्र लाकडाकडे ओढले जाते, वरच्या कडेने कापताना ते चालकाच्या अंगावर रेटले जाते. आणि नाकाच्या गोलाईचा वरचा चतुर्थांश कशास टेकला, तर ज्या घटनेने या यंत्राची सर्वाधिक भीती बाळगावी, ती उसळी घडते.

उसळीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. नाकाच्या त्या भागातील दाता लाकडात रुततो, पण त्याला पुढे जाण्यास वाट नसते. साखळी क्षणभर अडते, आणि एंजिनाचा सर्व जोर उलटून पट्टी वर व मागे, म्हणजे चालकाच्या गळ्या-खांद्याच्या दिशेने फेकली जाते. हे सर्व सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास घडत असल्याने सावध माणसालाही हात आवरण्यास अवसर मिळत नाही. तेव्हा येथे चपळाईचा उपयोग नाही, आधीच घेतलेल्या पवित्र्याचा आहे. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळविलेला असावा, डावा हात कोपरात न वाकता ताठ असावा, आणि शरीर पट्टीच्या रेषेत न ठेवता किंचित डावीकडे घ्यावे. खांद्याच्या उंचीवर, शिडीवर उभे राहून, अथवा एका हाताने करवत चालविण्यास सक्त मनाई समजावी. 1970 नंतरच्या दशकात प्रचारात आलेला साखळी-ब्रेक, म्हणजे पुढच्या मुठीसमोरचा ढालीसारखा अडसर, मनगटाचा धक्का लागताच किंवा उसळीच्या झटक्यानेच साखळी थांबवितो. त्याची परीक्षा रोज काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी. भुशाने व तेलाने चिकटलेला ब्रेक नसल्यातच जमा आहे. तुटलेली साखळी अडविणारा खालचा आकडा, मागच्या मुठीवरील थ्रॉटलची कुलूपकळ आणि कंप शोषणाऱ्या रबरी बैठका यांचीही पाहणी त्याच वेळी व्हावी. या बैठका झिजल्या, तर दीर्घकाळ काम करणाऱ्याच्या बोटांतील रक्तपुरवठा मंदावून ती पांढरी व बधिर पडण्याचा विकार जडतो, आणि तो एकदा जडला की सहसा पुरता बरा होत नाही.

पोशाखाच्या बाबतीत आपल्याकडे फार उदासीनता आहे. लुंगी किंवा अर्धी चड्डी आणि पायात रबरी चप्पल अशा वेषात आंब्याचा बुंधा कापणारा इसम कोकणात कोणत्याही पावसाळ्याआधी दिसतो, आणि ते पाहून अंगावर काटा येतो. जाळीच्या मुखपटासह शिरस्त्राण, कानांवर आवाजरोधक टोप्या (या यंत्राचा आवाज 100 डेसिबेलांहून अधिक असतो), पोलादी टोकाचे बूट, हातमोजे आणि मांड्यांना झाकणारे संरक्षक आवरण हा किमान सरंजाम होय. या आवरणात लांब चिवट तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागताच ते तंतू बाहेर ओढले जाऊन दातेरी चक्रात गुंततात आणि साखळी जागीच अडते.

यंत्र सुरू करताना ते जमिनीवर टेकवून, साखळी-ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजवा पाय घालून आणि डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरून उजव्या हाताने दोरी ओढावी. एका हाताने यंत्र खाली सोडीत दुसऱ्या हाताने दोरी खेचण्याची लकब अनेक कारागिरांत दिसते. ती टाकून द्यावी. इंधन भरल्या जागेपासून किमान तीन मीटर दूर जाऊनच एंजिन सुरू करावे, व तापलेल्या यंत्रात पेट्रोल कदापि ओतू नये.

आडवे लाकूड कापताना त्यात कोठे ताण व कोठे दाब आहे हे आधी ओळखावे. ओंडका दोन्ही टोकांस टेकलेला व मध्ये अधांतरी असेल, तर त्याच्या वरच्या अंगास दाब असतो. अशा वेळी आधी वरून एक तृतीयांश कापून उरलेला छेद खालून घ्यावा. एकच टोक टेकले असेल, तर क्रम उलटा. हा क्रम चुकला, की छेद मिटून पट्टी चिमटीत सापडते किंवा लाकूड फाटून उडते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर श्रीवर्धन, दिवेआगर आदी गावांतील नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी याच करवतींनी रस्ते मोकळे केले. अशी पडलेली झाडे उभ्या झाडांपेक्षा अधिक दगाबाज असतात. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापताच मुळांचा मातीने भरलेला गड्डा झपाट्याने पुन्हा खड्ड्यात बसतो. त्या गड्ड्यामागे कोणी, विशेषतः कुतूहलाने जमलेले मूल, उभे नाही याची खातरी करूनच शेवटचा छेद घ्यावा.

उभे झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुपटीइतक्या परिघात कोणी असू नये, आणि पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध, तिरपी मागे जाणारी पळवाट झाडोरा काढून आधीच मोकळी ठेवावी. पडण्याच्या बाजूस बुंध्याच्या व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खाच घेऊन मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, छेद घ्यावा. परंतु दोहोंमध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाची लाकडी पट्टी न कापता राखावी. हीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती कापून टाकणारा झाड कोठे पडेल हे सांगू शकत नाही. छेद मिटू नये म्हणून ठोकावयाच्या पाचरी लाकडी, प्लॅस्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या असाव्यात, पोलादी नसाव्यात.

निगेचा गाभा म्हणजे धार. करवतीतून चौकोनी टरफले पडत असतील तर साखळी निरोगी. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, धूर येऊ लागला किंवा छेद एका अंगास वळू लागला, की काम थांबवून कानस घ्यावी. गोल कानशीचा व्यास साखळीच्या मापानुसार ठरतो : लहान करवतींच्या बुटक्या साखळीस 4 मिमी., मध्यम करवतींच्या प्रचलित साखळीस 4.8 मिमी. कानस दात्याच्या आतल्या बाजूकडून बाहेर, एकाच दिशेने, साधारण 30 अंशांच्या कोनात न्यावी आणि परत आणताना उचलून घ्यावी; तिचा सुमारे पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्याच्या वर राहावा. एका अंगाचे सर्व दाते उरकून मग दुसऱ्या अंगाचे घ्यावेत आणि सर्व दाते सर्वांत आखूड दात्याच्या लांबीस आणावेत. प्रत्येक दात्यापुढे एक उंचवटा असतो. दाता किती खोल चावेल हे तो ठरवितो. दाते झिजले की तोही सपाट कानशीने उतरवावा लागतो, पण दात्याच्या माथ्याखाली सुमारे 0.65 मिमी. एवढाच. अधिक उतरविल्यास करवत चपळ झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात उसळीला आमंत्रण मिळते.

साखळीचा ताण यंत्र थंड असताना पाहावा : ती पट्टीच्या खालच्या कडेस लागलेली असावी, तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढली जावी. काम संपल्यावर ती किंचित सैल करावी, कारण तापून लांबलेली साखळी निवताना आकसते. पट्टी वरचेवर उलटी करून बसवावी म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खोबण व तेलाचे छिद्र खरडून साफ करावे. तेल पोचते की नाही हे पाहण्यासाठी नाक फिकट रंगाच्या लाकडासमोर, न टेकविता, धरून वेग द्यावा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. एंजिनास एक लिटर पेट्रोलमागे 20 मिलि. दोनटप्पी तेल, हे सर्वसाधारण प्रमाण. तथापि यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील आकडा अखेरचा. हवेचा फिल्टर रोज झटकावा आणि स्पार्क प्लगच्या टोकांतील अंतर 0.5 मिमी. ठेवावे. नारळ-पोफळीसारख्या तंतुमय खोडांच्या कामानंतर चक्रावरील आच्छादन उघडून गुंतलेले धागे काढावेत.

झाड तोडण्यास कायद्याची परवानगी लागते : महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी 1975 चा अधिनियम आहे, साग, आंबा, फणस, हिरडा आदी अनुसूचित झाडांसाठी 1964 चा, आणि गोव्यात 1984 चा. यंत्र घेणाऱ्याने शिरस्त्राण, मांडीचे आवरण, बूट व कानशी यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. तेवढी तजवीज होत नसेल, किंवा वर्षाकाठी एकदोन झाडांपुरतेच काम असेल, तर त्याने करवत विकत न घेता जाणत्या कारागिरास बोलवावे.