कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी मन

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी मन यांचा परस्परसंबंध हा संगणकशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय होय. यंत्राला विचार करता येतो काय, हा या विषयातील सर्वांत जुना प्रश्न आहे. व्यवहारात मात्र दुसराच प्रश्न अधिक निकडीचा ठरला आहे : यंत्र विचार करते असे माणसाला का वाटते, आणि तसे वाटू लागल्यावर तो स्वतःचा निर्णय यंत्राच्या हवाली कितपत करतो? न्यायनिवाडा, शेती, भाषाव्यवहार आणि मानसिक आरोग्य या क्षेत्रांत महाराष्ट्रातही हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

संज्ञा

'कृत्रिम बुद्धिमत्ता' या संज्ञेचे इंग्रजी मूळ रूप जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावात आढळते. त्या प्रस्तावानुसार १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात या विषयावरील पहिली परिषद भरली. मराठीत 'कृत्रिम प्रज्ञा' हा पर्यायही वापरला जातो. बुद्धी, प्रज्ञा, मती आणि विवेक हे शब्द मराठीत समानार्थी नाहीत. बुद्धी म्हणजे आकलनाची व युक्तीची शक्ती, तर विवेक म्हणजे सार-असार, योग्य-अयोग्य यांतील भेद ओळखण्याची शक्ती. दासबोधात विवेकाला फार मोठे स्थान आहे. 'कृत्रिम विवेक' असा शब्द कोणी रूढ केलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

बोलणे आणि समजणे

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकातील लेखात एक कसोटी सुचविली. पडद्याआडून लेखी प्रश्नोत्तरे करताना समोर माणूस आहे की यंत्र हे परीक्षकाला ओळखता आले नाही, तर 'यंत्र विचार करते काय' हा वाद बाजूला ठेवता येईल, असा तिचा आशय होता. या कसोटीत यंत्राच्या अंतरंगाला महत्त्व नाही. परीक्षकाच्या मनावर होणारा परिणाम निर्णायक आहे.

अमेरिकी तत्त्ववेत्ते जॉन सर्ल यांनी १९८० साली या भूमिकेला 'चिनी खोली'च्या दृष्टान्ताने उत्तर दिले. चिनी भाषा मुळीच न जाणणारा मनुष्य एका खोलीत बसला आहे आणि नियमांचे पुस्तक पाहून तो आलेल्या चिनी चिन्हांना योग्य ती चिन्हे उत्तरादाखल बाहेर पाठवितो. बाहेरच्यांना वाटते की आत चिनी भाषेचा जाणकार आहे. आतल्या माणसाला मात्र एका शब्दाचाही अर्थ कळलेला नसतो.

मराठी वाचकाला हा भेद समजावून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. संत ज्ञानेश्वरांनी पैठण येथे रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे, पुणे जिल्ह्यातील आळे (ता. जुन्नर) येथे त्या रेड्याची समाधी दाखविली जाते. रेडा वेद बोलला म्हणून तो वेदशास्त्रसंपन्न झाला, असे परंपरेने कधीही म्हटले नाही. बोलण्याचे श्रेय तिने बोलविणाऱ्याकडे दिले. आजची भाषाप्रारूपे अवाढव्य मजकुरातील शब्दांच्या सान्निध्यावरून पुढचा शब्द कोणता असावा याचे गणित मांडतात आणि त्यातून वाक्ये घडवितात. या प्रक्रियेला 'समजणे' म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु त्या बोलण्यामागील मजकूर, निवड आणि हेतू माणसांचे असतात, याविषयी वाद होण्याचे कारण नाही.

एलायझा-परिणाम

जोसेफ वाइझेनबाउम या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची संवाद साधणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीवरून घेतले होते. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकाचे 'ती फुलराणी' हे मराठी रूपांतर केले आणि त्यातील मंजुळा भक्ती बर्वे यांनी अजरामर केली. तेव्हा संगणकयुगातील पहिल्या गाजलेल्या 'बोलक्या यंत्रा'चे नाव मराठी रसिकाला परके वाटू नये. नावाची निवडही अर्थपूर्ण होती. नाटकातील मुलगी जसे शिष्ट भाषेचे उच्चार शिकते, तसे यंत्र केवळ बोलण्याची ढब शिकले होते.

एलायझाची एक आवृत्ती मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका वठवीत असे. बोलणाऱ्याने 'मला उदास वाटते' असे लिहिले, की तिच्यातील नियम त्याच शब्दांना प्रश्नाचे रूप देऊन ते परत करीत. कार्यपद्धती एवढी साधी असूनही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. तिची रचना ठाऊक असलेल्या वाइझेनबाउम यांच्या सचिव महिलेनेही, आपण तिच्याशी बोलत असताना त्यांनी खोलीबाहेर जावे, अशी विनंती केली. ही हकिगत त्यांनी स्वतःच १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. यंत्राच्या साध्या प्रतिसादात मन, सहानुभूती वा हेतू पाहण्याच्या या मानवी प्रवृत्तीस 'एलायझा-परिणाम' म्हणतात. वाइझेनबाउम पुढे या क्षेत्राचे कठोर टीकाकार झाले. संगणकाला काय करता येईल यापेक्षा त्याच्याकडून काय करवून घेऊ नये, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे.

ही प्रवृत्ती यंत्रयुगाने निर्माण केलेली नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली त्रिकोण व वर्तुळ यांची हालचाल दाखविणारी लहानशी चित्रफीत लोकांना दाखविली. बहुतेक प्रेक्षकांनी त्या आकृत्यांत भांडण, पाठलाग आणि भीती पाहिली. जेथे त्रिकोणालाही स्वभाव चिकटतो, तेथे शुद्ध मराठीत आदराने उत्तर देणाऱ्या यंत्राला मन चिकटावे यात नवल नाही.

निर्णयशक्तीवरील परिणाम

यंत्राने दिलेले उत्तर स्वतःच्या परीक्षणापेक्षा अधिक विश्वासार्ह मानण्याच्या वृत्तीला मानसशास्त्रात 'स्वयंचलनाविषयीचा पूर्वग्रह' म्हणतात. १९९० च्या दशकात विमानचालकांच्या वर्तनाचा अभ्यास करताना ही संकल्पना पुढे आली. यंत्राने इशारा दिला नाही म्हणून समोर दिसणाऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करणे आणि यंत्राने सांगितले म्हणून चुकीची कृती करणे, अशी तिची दोन रूपे आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाचा ६ ऑक्टोबर २०२५ चा एक निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. एका कंपनीने आपले उत्पन्न सुमारे ३.०९ कोटी रुपये दाखविले असता प्राप्तिकर विभागाच्या चेहराविरहित मूल्यांकन व्यवस्थेने ते सुमारे २७.९१ कोटी रुपये ठरविले. या आदेशात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. न्या. बी. पी. कुलाबावाला आणि न्या. अमित जामसांडेकर यांच्या खंडपीठाने आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्रणेने पुढे केलेल्या निष्कर्षांवर विसंबण्याकडे कल असतो. परंतु न्यायिकसदृश अधिकार वापरताना असे निष्कर्ष पडताळल्याखेरीज स्वीकारता येणार नाहीत, असा न्यायालयाच्या निरीक्षणाचा आशय होता.

येथे दोष केवळ यंत्राच्या माथी मारता येत नाही. भाषाप्रारूपे अस्तित्वात नसलेले खटले, ग्रंथ आणि अवतरणे बिनचूक वाटतील अशा थाटात रचतात, कारण त्यांच्या रचनेत खरेपणा तपासणारा स्वतंत्र भाग असतोच असे नाही. निर्णयपत्र उघडून पाहणे हे काम माणसाचे होते. मजकूर नेटका, भाषा कायद्याची आणि संदर्भक्रमांक व्यवस्थित असला, की तपासण्याची इच्छाच मंदावते. या प्रकरणातील मानसशास्त्रीय धडा हा आहे.

स्मरणशक्तीविषयीही चर्चा होते. माहिती पुन्हा सहज मिळणार आहे असे ठाऊक असले, की माणूस ती माहिती कमी आणि तिचे ठिकाण अधिक लक्षात ठेवतो, असा निष्कर्ष बेट्सी स्पॅरो व सहकाऱ्यांनी २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडला. मराठी शाळांत एके काळी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ करवून घेत. गणकयंत्र आल्यावर ती मागे पडली आणि त्यामुळे गणित बुडाले नाही, हेही मान्य केले पाहिजे. फरक असा की गणकयंत्राकडे आकडेमोड सोपविली होती. निबंध लिहून देणाऱ्या यंत्राकडे विषयाची मांडणी, म्हणजे विचार करण्याची कृतीच, सोपविली जाते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा फरक मूलभूत आहे.

भाषा आणि नैतिक वर्गीकरण

यंत्राला नीती शिकविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मराठीतील एका संशोधनप्रकल्पावरून स्पष्ट होते. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ साली मराठी ट्वीटांतील भावना ओळखण्यासाठी, आणि २०२२ साली 'महाहेट' या नावाने द्वेषमूलक भाषा ओळखण्यासाठी माहितीसंच प्रसिद्ध केले. महाहेटमध्ये २५,००० हून अधिक ट्वीट असून त्यांना माणसांनी द्वेषमूलक, आक्षेपार्ह, असभ्य आणि यांपैकी काहीही नाही, अशी चार लेबले लावली आहेत. यंत्र पुढे याच लेबलांवरून शिकते.

म्हणजेच यंत्राचा नैतिक निर्णय हा लेबल लावणाऱ्यांच्या निर्णयाचे प्रतिबिंब असतो. 'वा, मोठे उपकार केलेत!' हे वाक्य स्तुती की टोमणा, हे शब्दांवरून ठरत नाही. बोलणारा, प्रसंग आणि सूर यांवरून ठरते. एखादा शब्द एका प्रदेशात शिवी असतो, तर दुसऱ्या प्रदेशात मित्राला मारलेली हाक असते. बोलीभाषांचा प्रश्न याला जोडूनच येतो. बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ (ता. मेहकर) परिसरात आणि एकूणच वऱ्हाडात कपाशीच्या झाडाला 'पऱ्हाटी' म्हणतात. प्रमाण मराठीतील मजकुरावर पोसलेल्या यंत्राला हा शब्द अपरिचित असेल, तर चूक यंत्राची असूनही अडाणी ठरतो तो विचारणारा शेतकरी.

शेतीतील सल्ला आणि जबाबदारी

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय धोरण २०२५–२९' मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. कृषी विभागाच्या 'महाविस्तार' ॲपवर मराठीतून प्रश्न विचारण्याची सोय आहे. त्यापूर्वीच, मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात २०१८ साली उद्घाटन झालेल्या वाधवानी संस्थेने कापसावरील किडींसाठी प्रणाली विकसित केली. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, की ती त्यांची संख्या मोजते आणि फवारणीबाबत सल्ला देते.

सल्ल्याचे नैतिक वजन किती आहे, हे गुलाबी बोंडअळीवरून कळते. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले, तर उपाय योजावा, असा प्रचलित निकष आहे. मोजणी चुकून जास्त झाली तर अनावश्यक फवारणी होते. कमी झाली तर पीक हातचे जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. त्यामुळे फवारणीचा सल्ला हा केवळ तांत्रिक सल्ला राहत नाही. कृषी सहायकाचा सल्ला चुकला तर त्याला बांधावर जाब विचारता येतो. ॲपचा सल्ला चुकला तर जाब कोणाला विचारायचा, हे शेतकऱ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. पतंग मोजण्याचे किचकट काम यंत्राने करावे आणि फवारणीचा निर्णय, शेत पाहून, माणसाने घ्यावा, ही विभागणी त्यातल्या त्यात सुरक्षित ठरते.

मानसिक आरोग्य

एकटेपणा, परीक्षेचा ताण वा कर्जाची चिंता संवादयंत्रापुढे मांडणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. यंत्र कोणत्याही वेळी उपलब्ध असते, ते हसत नाही आणि गावात बोभाटा करीत नाही. मानसिक आजाराविषयी उघड बोलणे जेथे अजूनही कमीपणाचे मानले जाते, तेथे हे आकर्षण समजण्यासारखे आहे.

परंतु भाषाप्रारूपे माणसांनी दिलेल्या पसंतीवरून घडविली जातात, आणि माणसांना आपल्या मताला दुजोरा देणारे उत्तर आवडते. परिणामी यंत्रात होकार भरण्याची सवय शिरते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीमधील एक सुधारणा, ते अतिरेकी हांजी हांजी करू लागल्यामुळे, मागे घ्यावी लागली. खचलेल्या माणसाच्या निराशेला दुजोरा मिळणे किती घातक ठरू शकते, हे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात वेगळे सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाच्या 'प्रेरणा प्रकल्पा'त आशा कार्यकर्त्या शेतकरी कुटुंबांना भेटून ताणाची लक्षणे हेरतात. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. घरात पाऊल ठेवताच चूल पेटली आहे की नाही, घरधनी किती दिवसांत बाहेर पडलेला नाही, हे आशाताईंच्या ध्यानात येते. संवादयंत्राला तेवढेच कळते, जेवढे त्याला सांगितले जाते.

आवाज, संमती आणि कायदा

थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाच्याही आवाजाची नक्कल आता करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ज्येष्ठ गायिका आशा भोसले यांच्या प्रकरणात, परवानगीवाचून अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग असल्याने त्यावर त्या व्यक्तीचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. नामवंतांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. मुलाच्या वा नातवाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला असता वृद्ध आईवडिलांना अशी सवड मिळत नाही; तेथे फसवणूक होते ती ओळखीच्या आवाजावरील विश्वासाची.

युनेस्कोच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीची शिफारस स्वीकारली. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना यंत्राने ओळखण्यास, वैद्यकीय व सुरक्षाविषयक अपवाद वगळता, त्यात बंदी आहे. महाराष्ट्रात पोलीस दलासाठी २०२४ साली 'मार्व्हल' ही स्वतंत्र कंपनी नागपूर येथे स्थापन झाली असून गुन्ह्यांच्या तपासात व प्रतिबंधात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणे हे तिचे काम आहे. भारतात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशासनासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ती कायद्याप्रमाणे बंधनकारक नाहीत.