तहसीलदाराचे कूळ

पाथरीच्या किंवा जिंतूरच्या शेतकऱ्याला फेरफारासाठी जायचे असते ते तहसीलला. पुणे-साताऱ्याकडचे जुने लोक त्याच कचेरीला मामलेदार कचेरी म्हणत. तिकडे इंग्रजी अंमल होता, तर परभणी सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात. तिथे तालुक्याला तहसीलदार आणि जिल्ह्याला, म्हणजे आजच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जागी, अव्वल तालुकदार असे.

तहसील हा शब्द अरबी, अर्थ वसुली. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूतून फुटतात. 'ह-स-ल' म्हणजे हाती येणे. त्यातून हासील निघाला, महसूल निघाला आणि तहसीलही. मामलेदाराचे घराणे 'अ-म-ल'चे: अंमल, मामला, आमील. तालुका आणि इलाखा हे तर सख्खे भाऊ, दोघांच्याही मुळाशी 'संबंध असणे'. ही नाती कळली की रुक्ष सरकारी कागद मला एकदम ओळखीचा वाटू लागतो.

हे शब्द बदलण्याचा मोठा प्रयत्न शिवाजी महाराजांनी केला. 1674 च्या राज्याभिषेकानंतर त्यांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला: फारसी-अरबी शब्द आणि त्यांचे संस्कृत पर्याय, दहा वर्गांत. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य अशी नावे मिळाली. दरबारात ती शोभली. शेतसाऱ्याच्या हिशेबातून मात्र महसूल हलला नाही. 'मोल्सवर्थ'च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857 च्या आवृत्तीत अशा शब्दांपुढे अरबी-फारसीच्या खुणा आहेत; मराठी किती दारांनी श्रीमंत झाली, हे तिथे पानोपानी दिसते.

परभणीच्या जुन्या कागदावर सन असतो तो फसली. फसल म्हणजे हंगाम, पीक. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन हाती येतो. 1350 फसली म्हणजे 1940-41. एवढे गणित मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवले पाहिजे, कारण घराघरांतल्या पेट्यांत असे कागद आहेत.

2023 मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. तहसीलदार हा शब्द मात्र तोवर राज्यभर पोचला होता: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या कायद्यात तालुक्याच्या अधिकाऱ्याचे नाव तेच आहे, पुण्यालाही आणि परभणीलाही.