मोमोतोंबोच्या पायथ्याशी

निकाराग्वा हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावर पडलं ते १९८०च्या दशकात, तिथल्या यादवी युद्धाच्या बातम्यांमुळे. मध्य अमेरिकेतला हा उष्ण कटिबंधातला देश. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र आणि पश्चिमेकडे ओळीनं उभे असलेले ज्वालामुखी. इथे येणारा प्रवासी साधारणपणे दोन गोष्टी पाहतो : स्पॅनिश अमदानीतली शहरं आणि निसर्ग. पर्यटनाच्या पुस्तिकांमध्ये दोन्हींची पानं वेगळी असतात. इतिहासात मात्र ती वेगळी करता येत नाहीत.

ग्रानादापासून सुरुवात करू. फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा या स्पॅनिश सरदारानं १५२४ साली हे शहर वसवलं. कौलारू छपरं, मध्ये मोकळा चौक असलेले वाडे, रंगवलेल्या भिंती आणि समोर सुमारे ८,००० चौरस किलोमीटरचं निकाराग्वा सरोवर. काठालगत शेकडो लहान बेटं आहेत. शेजारच्या मोंबाचो ज्वालामुखीचा एक भाग फार पूर्वी ढासळून ती तयार झाली.

हे सरोवर सान हुआन नदीनं कॅरिबियन समुद्राला जोडलेलं आहे. म्हणून ग्रानादाचा व्यापार वाढला, आणि संकटंही पाण्याच्याच वाटेनं आली. १६६५ साली हेन्री मॉर्गन आणि त्याचे साथीदार नदीतून होड्या वल्हवत आले आणि शहर लुटून गेले. १८५५ साली विल्यम वॉकर नावाच्या अमेरिकन माणसानं भाडोत्री सैनिकांसह सरोवरातून आगबोटीनं येऊन शहर घेतलं. पुढच्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्ष होऊन बसला आणि बंद झालेली गुलामगिरी त्यानं पुन्हा कायदेशीर केली. माघार घेताना त्याच्या माणसांनी ग्रानादा जाळलं आणि ‘इथे ग्रानादा होतं’ अशी पाटी मागे ठेवली. त्या राखेतून लोकांनी शहर पुन्हा उभं केलं. आज प्रवासी ज्याचं कौतुक करतात, ते बरंचसं हेच.

दुसरं शहर लेओन. तेही कोर्दोबानंच १५२४ साली वसवलं, पण मोमोतोंबो ज्वालामुखीच्या पायथ्याशी. १६१०च्या भूकंपानंतर रहिवाशांनी ते सोडलं आणि सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला नवं लेओन वसवलं. तिथलं भव्य कॅथेड्रल २०११ साली जागतिक वारसा ठरलं. स्पॅनिश भाषेचा थोर कवी रुबेन दारिओ याची समाधी तिथेच आहे.

मोमोतोंबोनं पुढे जगाच्या नकाशातही हात घातला. दोन महासागर जोडणारा कालवा निकाराग्वातून काढायचा की पनामातून, हा वाद १९०२ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे होता. पनामाचा पुरस्कर्ता ब्युनो-व्हारिया यानं निकाराग्वाचीच टपाल तिकिटं मिळवून सिनेटरांना पाठवली. तिकिटावर धूर ओकणारा मोमोतोंबो होता! मार्तिनिक बेटावरच्या ज्वालामुखीनं नुकतेच हजारो बळी घेतले होते. सिनेटचा कौल पनामाला मिळाला. कारणं इतरही होती, पण या तिकिटांची आठवण आजही काढली जाते.

सोडून दिलेलं जुनं लेओन राख-मातीखाली गाडलं गेलं. १९६७ साली त्याचे अवशेष सापडले. तिथे आता भिंतींचे पाये तेवढे दिसतात. कोर्दोबाचा वरिष्ठ पेद्रारियास दाविला यानं १५२६ साली याच शहरात त्याचा शिरच्छेद करवला. या दोघांचे मानले जाणारे देहावशेष २००० साली तिथल्या एकाच चर्चच्या जागी मिळाले.

सत्तेसाठी भांडलेल्या या दोघांची नावं टिकली. पण त्यांच्या अमदानीत इथल्या हजारो मूळ रहिवाशांना पकडून पनामा आणि पेरूकडे गुलाम म्हणून विकलं गेलं. १५२८ साली पेद्रारियासनं या शहराच्या चौकात मूळ रहिवाशांवर शिकारी कुत्रे सोडले होते. कुत्र्याशी झुंजणाऱ्या एका माणसाचा पुतळा आज या अवशेषांमध्ये उभा आहे.

मोमोतोंबो २०१५ साली, ११० वर्षांनंतर, पुन्हा जागा झाला. त्याचं छायाचित्र घ्यायला प्रवासी इथे थांबतात, आणि थांबावंच. पण निघण्यापूर्वी त्या पुतळ्यापाशीही दोन मिनिटं उभं राहावं. ज्यांची नावं इतिहासात उरली नाहीत, त्यांची एवढीच खूण तिथे आहे.